वरचा, खालची आणि वाकडी फळी

या, जवळ या. ही गोष्ट कडेला उभं राहून ऐकायची नाही. मांडी घालून बसा, ज्याला मांडी घालवत नाही त्यानं भिंतीला टेका, आणि ज्याची पाठ धरली असेल त्यानं खुशाल आडवं व्हावं. देव काही रागवत नाही. गोष्ट पाठीचीच आहे. देवानं माणसाचे डोळे पुढे लावले आणि पाठ मागे ठेवली. आपली पाठ आपल्याला कधी दिसत नाही, दुसऱ्याला मात्र दिसते. यात त्याचा काय हेतू असेल तो त्याला ठाऊक. तुम्ही फक्त कान द्या, मी तुम्हाला एका वाकड्या फळीपर्यंत नेऊन सोडतो.

नदीच्या काठाला लाकडाची वखार होती. वखारीच्या मागच्या अंगाला एक लांबट खड्डा, आत उभं राहिलं तर डोकं जमिनीखाली बुडेल एवढा खोल. खड्ड्यावर आडवे वासे, वाशांवर ओंडका. ओंडक्यावर नवरा उभा राहायचा आणि खड्ड्यात बायको. दोघांच्या मधे माणसापेक्षा लांब करवत, एक मूठ वर, एक मूठ खाली. अख्खी वखार नवऱ्याला ‘वरचा’ म्हणायची आणि बायकोला ‘खालची’. सासूसुद्धा सुनेला हाक मारायची ती ‘अगं खालचे’ अशीच. नावं होती, पण ती भुशाखाली कधीच दबून गेली होती.

या कामाची एक रीत असते. वरच्यानं वर ओढायचं, खालचीनं खाली ओढायचं. आपली पाळी संपली की हात नुसता मुठीवर ठेवायचा, निजलेल्या लेकरावर ठेवतो तसा. ढकलायचं कधीच नाही. ढकललं की करवतीचं पातं पोटात वाकतं आणि लाकडात अडकतं. ओढायला कुणालाही येतं, बाबांनो. सोडायला शिकण्यात जन्म जातो.

खालचीची आणखी एक ओळख होती. ती पायाळू होती. जन्मताना तिचे आधी पाय बाहेर आले होते. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण उतरते, असं लोक मानायचे. त्यामुळे गाडीवान, हमाल, धुणं धुणाऱ्या बाया, ज्याची कंबर धरेल तो हिच्या उंबऱ्याशी येऊन पालथा पडायचा. ही पदर तोंडाला लावून हसू दाबत डाव्या पायानं त्याच्या कमरेवर हलकेच लाथ मारायची. माणूस कण्हत यायचा आणि हसत जायचा. उसण आपल्या वेळेला उतरते की पायाच्या गुणानं, हे कोणी बघायला बसलं नव्हतं. सासू म्हणायची, “जगात सुना सासूच्या लाथा खातात. आमच्याकडे सगळं गाव सुनेच्या खातं.”

त्या साली उन्हाळा सरता सरेना. हवा अशी की अंगावर टाकलेलं फडकं वाळत नव्हतं. नदीवरच्या लाकडी पुलाच्या फळ्या कुजल्या होत्या आणि नव्या फळ्यांचं काम वखारीच्या मालकानं उचललं होतं. पाणी चढायच्या आत त्या बसायला हव्या होत्या. त्यासाठी त्यानं एक अजस्र ओंडका आणवला. त्याची साल काढताना वरचा आपल्या बायकोला म्हणाला होता, “हा ओंडका नाही गं, हा कुणाचा तरी आजोबा आहे.”

मालक वाईट माणूस नव्हता. पण तो कामाकडे बघायचा, माणसाकडे बघायला त्याला सवड नसायची. वखारीला लागून एक खोली होती, तीत ही तिघं राहायची. मालक येता-जाता बजावायचा, “खोली खड्ड्याची आहे बरं. जो खड्डा चालवील, तो खोलीत राहील.” हे वाक्य तो इतक्या गोडीनं बोलायचा की ऐकणाऱ्याला आधी आशीर्वादच वाटावा.

त्या दिवशी सकाळपासूनच वरच्याची पाठ आखडली होती. त्यानं सांगितलं नाही. पण खालचीला कळलं. खाली उभं राहून वरचा माणूस दिसत नाही. डोक्यावर ओंडका असतो आणि भुशाचा पाऊस. पण करवत येते-जाते त्यावरून सगळं कळतं. तो रागावला असला तर करवत टोचून यायची, खुशीत असला तर तरंगत यायची. त्या दिवशी ती वर जाताना अडखळत होती. मधेच थांबून, दम घेऊन, मग वर.

ओरडून विचारावं तर मालक पलीकडे गाडी भरून घेत होता, त्याच्या कानावर जायचं. मग तिनं काय केलं? प्रेम करणाऱ्या माणसाच्या हातून जे होतं ते केलं. करवत वर जाताना तिनं खालून जरासा रेटा दिला. तेवढाच त्याला हलकेपणा. पहिल्यांदा जमलं. पुन्हा दिला, तेही जमलं. मग तिनं जोर वाढवला, आणि पातं लाकडात वाकून घट्ट बसलं.

वर नवऱ्याला वाटलं गाठ लागली. त्यानं पाय रोवले, कमरेतून हिसडा दिला. करवत सुटली नाही. त्याच्या पाठीत मात्र काहीतरी सुटलं.

तो ओरडला नाही. भुसा पडायचा थांबला, एवढंच तिला कळलं. ती शिडीनं वर आली तर तो करवतीच्या मुठीवर ओणवा, जसा कुणी विहिरीत वाकून बघतोय. कपाळावरून घाम टपटप ओंडक्यावर पडत होता.

“अहो, काय झालं?”

“हळू बोल.” त्याचे ओठ पांढरे पडले होते. “मला सरळ होता येत नाही.”

तेवढ्यात मालक आलाच. “का रे, थांबलात का?”

“पायाला मुंग्या आल्यात, मालक,” वरचा ओणव्यानंच म्हणाला. “लोकांना बसून येतात, मला उभ्यानं. माझं सगळं उलटंच.”

मालक हसला. “मी वरच्या गावांना लाकूड बघायला निघालोय. परत येईन तेव्हा या आजोबाच्या फळ्या रचलेल्या दिसू देत. पाणी कुणासाठी थांबत नाही, आणि मलाही थांबता येणार नाही. तिकडे करवत ओढणारी एक जोडी रिकामी आहे, सारखी काम विचारते.” जाता जाता त्यानं ओंडक्यावर थाप मारली. ती थाप वरच्याच्या पाठीत घुसली. पण त्यानं दात दाखवले.

मालकाची गाडी वळणाआड गेल्यावर खालचीनं त्याला उतरवलं. खांद्यावर त्याचे दोन्ही हात घेतले आणि त्याला ओढत नेलं. खोली हाकेच्या अंतरावर, पण त्या दिवशी ती परगावी गेल्यासारखी वाटली.

सासू दारात शेंगा निवडत होती. तिनं लेकाला बघितलं आणि सूप खाली ठेवलं. रडली नाही. ती रडणाऱ्यातली नव्हतीच. “चूल पेटव,” सुनेला म्हणाली. “वीट घाल निखाऱ्यात. आणि तेलाची वाटी काढ, ती मागची, ही नको, हीत मुंग्या आहेत.”

मग घरच्या इलाजांचं राज्य सुरू झालं. फडक्यात गुंडाळलेली वीट, वाळूची गरम पोटली, तेल लावून शेकलेली एरंडाची पानं. म्हातारीनं स्वतःचं जुनं लुगडं फाडून त्याच्या कमरेला पट्टा आवळला. तो पालथा पडून म्हणाला, “आई, मला भाजून खाणार आहेस का?”

“तुझ्यात खाण्यासारखं आहे काय? नुसता भुसा.”

असं बोलत, एकमेकांना डिवचत ते पहिले दिवस गेले. पण बोलण्याच्या खाली भीती होती. शिंक आली की तो जमीन नखांनी धरायचा. कूस बदलायची म्हणजे आधी सगळ्यांनी गप्प व्हायचं, मग त्यानं श्वास धरायचा. शौचाला बसता येईना. तेव्हा बायकोनं त्याला पाठीमागून काखेत धरून अर्धवट उभं ठेवलं, आणि तो उन्हातान्हात ओंडक्यावर उभा राहणारा गडी भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “तू डोळे मीट.” तिनं मिटले. उघडे असते तरी तिला पाण्यातून काय दिसणार होतं?

शेकानं थोडा उतार पडत होता, हे खोटं नाही. तो आपला आपण कुशीवर होऊ लागला होता. आणखी थोडं सोडलं असतं तर... पण सोडणं कुणाला सुचतं? दाराबाहेर ओंडका पडला होता. करवत सोडवायला अर्ध्या चिरेत पाचर ठोकलेली, तोंड उघडं टाकलेल्या जनावरासारखा. खिडकीतून तो दिसायचा आणि दिवसेंदिवस मोठा दिसायचा.

शेवटी सासू बोलली. “घरात पायाळू आणि घरधनी अंथरुणाला. लोकांना औषध, घरच्यांना उपास. मारत का नाहीस त्याला लाथ?”

“नवऱ्याला पाय लावू, आई?”

“दुखण्याला पाय लाव. नवरा मधे येतोय, त्याला तू काय करणार?”

वरचा पालथा होता. उशीत तोंड खुपसून म्हणाला, “मार गं. सगळ्या गावाला मारतेस. मलाच मेल्याला कधी मिळाली नाही.”

तिनं हात जोडले, देवाचं नाव घेतलं, आणि डाव्या पायानं त्याच्या कमरेला हलकेच लाथ मारली. तिघंही वाट बघत राहिली. बाहेर कुत्रं भुंकलं. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मारली. पुन्हा काही नाही.

त्याच दिवशी एक गाडीवान सांगत गेला, वरच्या गावाकडे आभाळ काळं झालंय, मालक परत निघायच्या बेतात आहे. ऐकून वरच्यानं बायकोला जवळ बोलावलं. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. “हलक्या लाथेचं हे काम नाही. तू उभी राहा माझ्यावर. पुरं वजन दे. आत काहीतरी जागेवरून सरकलंय, ते बसेल.”

“नको हो.”

“खोली जाईल. आईला घेऊन कुठे जायचं? उभी राहा म्हणतो ना!”

सासूनं तिचा हात धरला, तोल सांभाळायला. ती आधी एक पाय ठेवून थबकली. तळव्याखाली त्याच्या पाठीचे मणके लागले, ऊन लागलेल्या दगडांसारखे गरम. मग दुसरा पाय उचलला.

आत कुठेतरी ओली काडी मोडावी तसा आवाज झाला. तो ओरडला नाही, या वेळीही नाही. त्याची बोटं मात्र वितभर जमीन खरवडत गेली. ती उडी मारून उतरली. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “माझा उजवा पाय कुणी धरलाय का?”

पाय कुणीच धरला नव्हता. पाय तिथेच होता, पण त्याला तो कळत नव्हता.

नर्सबाई फेरीवर सायकलनं यायची. खालची तिला रस्त्यात गाठून, सायकलचा दांडा धरूनच घेऊन आली. नर्सबाईनं वरच्याला काही न विचारता आधी पाण्यानं हात धुतले. मग त्याच्या तळव्याला टाचणी टोचत गेली. “इथे लागतं? इथे? इथे?” काही ठिकाणी तो “हो” म्हणाला, काही ठिकाणी तिच्या तोंडाकडे नुसता बघत राहिला. तिनं त्याला पायाचा अंगठा वर करायला सांगितलं. अंगठा हलला, पण मरगळलेल्या माशासारखा.

“लघवी होते नीट? जांघेत बधिर वाटतं?”

“लघवी होते. तिथे सगळं कळतं,” तो लाजून म्हणाला.

“देवाची कृपा समजा. ज्या दिवशी अडेल किंवा जांघ बधिर होईल, त्या घटकेला गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात न्यायचं. सकाळ व्हायची वाट बघायची नाही. एरवीही एकदा तिथे दाखवायलाच हवं, मी चिठ्ठी देते.” मग तिनं कमरेचा काळानिळा डाग बघितला. डागाला पावलाचा आकार होता. ती सरळ झाली. “याच्यावर कोण उभं राहिलं होतं?”

खालचीनं तोंड उघडलं.

“मी,” सासू म्हणाली. “मी उभी राहिले. म्हातारीची अक्कल, दुसरं काय.”

नर्सबाईनं म्हातारीच्या सुकलेल्या पायांकडे बघितलं, मग सुनेच्या पायांकडे. शहाणी बाई होती. “आता कुणी उभं राहायचं नाही,” एवढंच म्हणाली. “लाथा नाहीत, रगडणं नाही, हिसडे नाहीत. शेक द्या, पण विटेनं भाजू नका. पाय बधिर आहे, त्याला चटका कळणार नाही. गुडघ्यांखाली घोंगडीची गुंडाळी ठेवा. जमेल तसं उठवून चार पावलं चालवा, दिवसभर झोपवून ठेवू नका. आणि कूस बदलताना पिळायचं नाही. खांदा, कंबर, गुडघा, सगळं एकदम. ओंडका कसा वळवतात?”

“एका दमात,” वरचा म्हणाला. “मधे धरला तर घसरतो.”

“तसंच. तुम्ही आता ओंडका.”

खोलीत त्या आठवड्यात पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मग वरच्यानं विचारलं, “आणि करवतीवर कधी?”

नर्सबाई पिशवी आवरत होती. “पाऊस जाऊ दे. मग बघू.” दारापाशी ती थांबली आणि खालचीला हळूच म्हणाली, “बरं वाटलं तरी ओंडक्यावर चढवू नका त्याला. परत कधीच नाही, असं धरून चला.”

ती गेल्यावर खालची सासूच्या पायाशी बसली. “आई, तुम्ही का सांगितलंत तसं?”

“अगं, तुझ्या लाथेवर गावाचा भरवसा. उद्या कळलं की हिनं नवऱ्याला अधू केलं, तर जे हसत गेले तेच दगड घेऊन येतील. मला कोण मारतंय? मी अर्धी जमिनीत आहेच.” मग दात नसलेल्या तोंडानं ती हसली. “आणि पाय तुझा असला तरी जीभ माझीच होती ना? लाथ मार म्हणून मीच नाचले.”

खालचीला आता राहवेना. नवऱ्याकडे वळून तिनं करवतीचंही सांगून टाकलं. “मी खालून ढकललं हो. तुम्हाला हलकं व्हावं म्हणून.”

तो छताकडे बघत होता. “आधी गाठ वाटली. मग कळलंच होतं.”

“मग बोलला नाहीत?”

“काय बोलू? इतकी वर्षं करवत ओढतोय, मला ढकलणारं पहिल्यांदाच कुणी भेटलं.”

या बोलण्यावर रडायचं की हसायचं तिला कळेना. तिनं दोन्ही केलं.

पण माया खोलीचं भाडं होत नाही, आणि ओंडका काही पाघळला नव्हता. सकाळी खालची उठली तर सासू दारात उभी. कमरेला लुगड्याचा तोच पट्टा, डोक्याला घट्ट फडकं.

“कुठे निघालात?”

“खड्ड्यात. तुझा सासरा वर होता तेव्हा खाली काय भूत होतं? मीच होते. तू आज वर चढ.”

“बाई वर उभी राहत नाही, आई. कुणी बघितलं तर?”

“मग देव येऊन फळ्या कापणार आहे का? आला तर बरंच होईल, मी त्यालाही खाली उतरवीन.”

म्हातारी शिडीनं उतरली. एकेका पायरीला तिची हाडं वाजली. खालची ओंडक्यावर चढली. तळव्याखाली लाकूड गरम होतं, गोल होतं, त्यावर मधोमध, करवत सरळ चालावी म्हणून काजळीच्या दोरीनं मारलेली रेघ होती. तिला ते लाकूड वाटेना. पाठ वाटली. पाय टेकवावा की नाही अशी ती उभी राहिली.

“अगं, उभी आहेस की उडतेस?” खालून आवाज आला.

वरच्यानं आपलं अंथरूण दाराशी ओढून घ्यायला लावलं होतं. पडल्या पडल्या त्याला ओंडका दिसत नव्हता, करवतीचा आवाज ऐकू येत होता. पहिल्याच हातांना तो ओरडला, “ढकलतेस! आईला ढकलतेस तू! सोड!”

ती खरंच ढकलत होती. खाली म्हातारी आहे, तिला हलकं व्हावं म्हणून. रीत माहीत होती, एकदा तिची शिक्षाही भोगली होती, तरी हात ऐकत नव्हते. माया अशीच वाईट खोड आहे, बाबांनो. ती हातातून जाता जात नाही. त्या रेट्यानं पातं वाकलं, रेघ सुटली. फळी निघाली ती मधोमध पोट सुटलेली, जेवून पडलेल्या सावकारासारखी. खालचीनं ती बाजूला टाकली आणि तिच्यावरच बसून तोंड झाकून घेतलं.

खड्ड्यातून म्हातारी म्हणाली, “रडून झालं की सांग. मी इथेच आहे, मला कुठे जायचं नाही.”

मग त्या दोघी कापत राहिल्या. वरून ऊन, खाली कोंडलेली वाफ. म्हातारीच्या पापण्यांवर, सुरकुत्यांत, कानांत भुसा. संध्याकाळी वर आली की ती पिठात घोळल्यासारखी दिसायची. थुंकली की थुंकीत भुसा. पाणी प्यायला मान वर केली की कण्हायची आणि कुणी ऐकलं का ते बघायची. खालची आधी नवऱ्याला शेकायची, मग सासूला. एकच वीट दोघांना पुरवायची.

मधेच एक हमाल कंबर धरून आला आणि सवयीनं उंबऱ्याशी पालथा पडला. “मार वहिनी एक.”

“मी आता मारत नाही.”

“का? वर चढलीस म्हणून पाय जड झाले?”

तिनं वीट तापवून त्याच्या कमरेला लावली आणि नर्सबाईची फेरी कधी असते ते सांगितलं. तो जाताना पुटपुटला, “गुण गेला हिचा. गर्व झाला.” दाराशी पडलेल्या नवऱ्यानं ते ऐकलं. रागानं उठायला गेला आणि अर्ध्यातच विळ्यासारखा वाकून परत आडवा झाला.

नदीचं पाणी गढूळ झालं. मग काठाचे दगड एकेक करून बुडायला लागले. ओंडका संपत आला होता. दिवसागणिक खालचीचे हात सोडायला शिकले होते. आता करवत वर घेऊन ती जेव्हा मूठ सैल करायची, तेव्हा खालून म्हातारीची ओढ यायची. हलकी, पण सरळ. त्या ओढीत तिला सासूचा दम कळायचा. शेवटच्या फळीला तो दम तुटत यायला लागला. तिचे हात पुढे धावले, आणि तिनं ते आवरले. दात आवळून आवरले. दारातून नवरा म्हणाला, “आता बरोबर. आता दोघी बरोबर ओढताय.” फळी सरळ निघाली.

त्याच वेळी मालकाची गाडी आली. तो उतरला, रचलेल्या फळ्या बघितल्या, हात फिरवला. मग ओंडक्यावर उभ्या असलेल्या बाईकडे बघितलं. “वरचा कुठे आहे? आणि खाली कोण आहे?”

तो खड्ड्याच्या काठाशी गेला आणि वाकून बघितलं. खाली म्हातारी मूठ धरून उभी होती, ओणवी. तिला सरळ होता येत नव्हतं. मान तेवढी वळवून ती म्हणाली, “पायाला मुंग्या आल्यात, मालक. आमच्या घराण्यातच आहे ते.”

तिला वर काढायला मालकालाच खड्ड्यात उतरावं लागलं. वर आला तेव्हा त्याच्या पांढऱ्या कपड्यांवर भुसा होता, आणि बराच वेळ त्यानं तो झटकला नाही. दारात पडलेल्या वरच्याकडे त्यानं बघितलं, त्याच्या गुडघ्यांखालच्या घोंगडीच्या गुंडाळीकडे बघितलं. बोलला तो मात्र फळ्यांकडे बघून. “पाऊस संपेपर्यंत खोलीत राहा. त्यानंतर ती जोडी येईल. मला खड्डा बंद ठेवून चालणार नाही.” जाता जाता वाकड्या फळीला पाय लावून म्हणाला, “हीसुद्धा घेतो. दुसरं लाकूड कापायला आता वेळ कुठे आहे?”

बास. एवढंच मिळालं. पाऊस संपेपर्यंत.

पाऊस आला तेव्हा त्या खोलीत मायलेक शेजारी शेजारी आडवी होती. लेकाचा पाय हळूहळू परत येत होता. भिंत धरून, घसटत, तो दारापर्यंत जायचा. म्हातारी मात्र कोयत्यासारखी वाकली होती ती वाकलीच. आधी नवऱ्याला, मग सासूला वळवायचं, हे खालचीचं काम. ती म्हातारीच्या खांद्याला आणि कमरेला हात घालून म्हणायची, “आई, पिळायचं नाही. एका दमात.”

“वळव बाई वळव,” म्हातारी भिंतीकडे तोंड करता करता म्हणायची. “माझ्यावर उभी राहू नकोस म्हणजे झालं.”

तिघंही हसायची, आणि हसल्यानं दोघांना कळ यायची. बाहेर पाणी वाढत असायचं. पाऊस संपला की कुठे जायचं, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं.

गोष्ट संपली. आता उठा, पण सावकाश उठा. आधी कुशीवर वळा, मग हात टेकवा. आणि कधी त्या नदीकडे गेलात तर पुलाच्या मधोमध तुम्हाला एक फळी लागेल, पोट सुटलेली. तिच्यावर पाय हळू ठेवा. जाणाऱ्याला वरून काहीच दिसत नाही, पण खाली कुणीतरी असतं. त्या म्हातारीची तेवढी आठवण ठेवा.